मामांचा ओटा

आमच्या अमरावतीच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील शाळामास्तर. सभेहून घरी आले की त्यांच्या खिशातून, टोपीतून, छत्रीच्या घडीतून पत्रकं निघत. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आणि वाचायला शिकलो तो त्यांच्या छापील बाजूवर. त्यामुळे अन्याय दिसला की तो छापायचा आणि माणसांच्या हातात द्यायचा, मग माणसं उठतात, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. ती समजूत अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका गल्लीने माझ्या तोंडावर फेकली.

त्या गल्लीत माझे मामा राहत. गल्ली मोर्णा नदीकडे उतरत गेलेली. मामा भिक्षुकी करत. घर दोन खोल्यांचं, आणि दारापुढे ओटा: दगडांवर टाकलेल्या सागाच्या जाड फळ्या. घर मामीचं होतं, ओटा मामांचा. सकाळची पूजा आटोपली की पंचांग घेऊन ते ओट्यावर बसत. लग्नाचा मुहूर्त, बारशाचं अक्षर, विहिरीला कुदळ कधी लावायची, हे विचारायला वाणी येत, कुणबी येत, तेली येत. गल्लीच्या खालच्या टोकाला गाढवांवरून नदीतली रेती वाहणारी एक बाई राहायची, तीही येई. ती खाली उभी राहून विचारायची, मामा वरून सांगायचे. यांतल्या निम्म्या माणसांना मामांनी उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नसतं. ओटा होता म्हणून मामांना गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाईक होतं म्हणून मामीची चूल पेटत होती.

मी एकदा विचारलं, "ओट्याशी चालते ती बाई घरात का चालत नाही, मामा?"

"त्यावर पत्रक काढ तू," मामा म्हणाले आणि पंचांगाचं पान उलटलं.

साठ सालानंतरची गोष्ट. नवं राज्य झालं होतं आणि सगळीकडे नकाशे निघत होते. अकोल्याच्या नगरपालिकेनेही शहराचा विकास आराखडा काढला आणि तो सभागृहाच्या भिंतीवर लावला. कोणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी, सुनावणी होईल, असा फलक खाली. नकाशावरची अक्षरं इंग्रजी. गल्लीतली माणसं धुतलेली धोतरं नेसून नकाशा बघायला गेली, नदीची निळी रेघ तेवढी ओळखून परत आली. मी गेलो तेव्हा दिसलं की पुलापासून बाळापूर रस्त्यापर्यंत एक रुंद पट्टा ओढलाय आणि तो नेमका आमच्या गल्लीवरून जातोय. ज्यांची घरं पट्ट्यात जातील त्यांच्यासाठी शहराबाहेर काळ्या जमिनीत प्लॉट राखून ठेवले होते. काळ्या जमिनीत भिंत उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नकाशा काढणाऱ्याला ते माहीत असण्याची गरज नव्हती. त्याला तिथे राहायचं नव्हतं.

हरकत मी लिहिली. त्या गल्लीत घर दाराशी संपत नाही, हा तिचा गाभा होता. घरापुढे ओटे आहेत, उन्हाळ्यातल्या चुली आहेत, खाटा आहेत, गोठे आहेत, पिंजारी तिथे कापूस पिंजतो, बाया तिथे शेवया वळतात. ही जागा रस्ता नाही, लोकांच्या घराचा अर्धा भाग आहे. ती रस्त्यात मोजाल तर घरं अर्धी होतील. गल्लीने खाली सह्या-अंगठे केले. पहिली सही मामांची. सुनावणीत नगर रचना खात्याच्या साहेबांनी ती हरकत दोनदा वाचली आणि म्हणाले, "मी जागा स्वतः पाहीन. तुम्ही म्हणता तसं असेल तर पट्टा नदीच्या बाजूला सरकवता येईल."

मी त्याच रात्रीच्या गाडीने आनंदात अमरावतीला परतलो. पत्रकाचा मजकूरही डोक्यात तयार होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी त्या वॉर्डाचे नगरसेवक गल्लीत आले. ते वकील होते आणि बाळापूर रस्त्याला त्यांच्या विकायच्या प्लॉटांचं लेआऊट पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "साहेब पुण्याकडचे आहेत, महाराज. आपल्या गल्लीची शोभा होऊ देऊ नका."

पुढचं सगळं गल्लीने स्वतःच्या हातांनी केलं.

त्या गल्लीची एक रीत होती. लग्नाची वरात यायची असली की सकाळपासून प्रत्येक जण आपलं दार मोकळं करी. ओट्याच्या फळ्या उचलून घरात उभ्या करायच्या, दगड बाजूला लोटायचे, सावलीचे मांडव उतरवायचे, चुली मोडायच्या, जनावरं नदीवर न्यायची, सडा घालायचा. नवरदेवाच्या घोड्याला ठेच लागली तर सगळ्या गल्लीची लाज. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जागच्या जागी. त्यासाठीच तिथले ओटे कोणी कधी दगडमातीत बांधले नव्हते. साहेब म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यासाठी त्यांना ही एकच रीत येत होती.

सकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून मी पोचलो तर गल्ली ओळखू येईना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती सारवलेली, ओली, रिकामी जमीन. दारादारांवर आंब्याची पानं. मामा रेशीमकाठी उपरणं घेऊन उभे. त्यांच्या ओट्याच्या फळ्या माजघरात भिंतीला टेकलेल्या.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय केलं म्हणजे? साहेब येऊन राहिले."

"अहो, जे दाखवायला त्यांना बोलावलं तेच तुम्ही घरात लपवलं."

"शेणाच्या गोवऱ्या दाखवतोस साहेबाला?" मामा म्हणाले. "तुझ्या बापाने तुला वाचायला शिकवलं, वागायला नाही शिकवलं."

आतून मामीचा आवाज आला, "वरात तर निघाली, पण नवरी कोणाच्या घरची नेऊन राहिले थे विचारा म्हणा आपल्या मामाले."

गल्लीतले चार जण हसले. मामा हसले नाहीत. मी फळी उचलायला आत वळलो तेवढ्यात जीपचा आवाज आला.

साहेब सभ्य माणूस होता, हे मी मुद्दाम लिहितो. तो खेकसला नाही, त्याने कोणाला हटकलं नाही. मामीने ओवाळलं तेव्हा त्याने बूट काढून नमस्कार केला. मग त्याच्या माणसांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरली.

"हरकतीत ओटे म्हटलंय," तो मामांना म्हणाला. "कुठे आहेत?"

"आहेत ना, साहेब. आत ठेवलेत."

"ओटे आत?"

साहेबाबरोबर आलेले ते नगरसेवक वकील लगेच हसले. "आमच्या वऱ्हाडात ओटे फिरते असतात, साहेब."

मी पुढे झालो. सांगितलं की हे सगळं आज सकाळी काढलंय, उद्या या आणि बघा. साहेबाने विचारलं, "आपण इथे राहता?"

"नाही. अमरावतीला."

"मग आपलं म्हणणं मला धरता येत नाही. महाराज, तुम्ही सांगा. ही गल्ली अशी मोकळी असते?"

आता नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण गल्ली घाणीची, अडगळीची आहे, असं पाहुण्यापुढे, स्वतःच्या दारात म्हणणं मामांच्या जिभेला शक्य नव्हतं.

"वरात यायची म्हटली की अशीच असते," ते म्हणाले.

"वराती इथूनच जातात?"

"इथूनच. माझ्या आज्यापासून. घोडा जातो, बाजा जातो, मागून बैलांच्या दमण्या जातात. सगळ्या जुन्या शहरात एवढी वरात दुसऱ्या गल्लीतून निघत नाही, साहेब."

मामांचा चेहरा फुलला होता. साहेबाने शांतपणे लिहून घेतलं. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला.

निकाल आला तो असा: ही गल्ली पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक वहिवाटीचा, वाहनांचा रस्ता आहे, हे हरकतदारांनीच पाहणीत सांगितलं. दारापुढे यानंतर कधी काही आढळल्यास ते अतिक्रमण समजावं. पट्टा होता तिथेच राहिला. समोरची रांग गेली. पिंजारी गेला, रेतीवाली गेली, सगळे काळ्या जमिनीत गेले. मामांची रांग वाचली. "महाराजांची भिंत मी हलू दिली नाही," असं वकील चौकात सांगत. ते खोटंही नव्हतं. गेला तो फक्त ओटा.

रस्त्याच्या भूमिपूजनाला भटजी हवा होता. नगरपालिकेचा शिपाई मामांकडेच आला, जवळचे म्हणून. मामांनी मुहूर्त काढून दिला आणि तो चांगला काढला, कारण वाईट मुहूर्त त्यांना काढताच येत नसे. जिथे ओटा होता तिथेच पाट मांडला होता. वकिलांनी कुदळ मारली. मामांनी मंत्रात एक अक्षर गाळलं नाही.

पूजा आटोपल्यावर मी म्हणालो, "दक्षिणा मिळाली ना नीट?"

मी ते शब्द आजही मागे घेत नाही.

रस्ता झाला. कापसाच्या गाड्या, ट्रक, बाळापूरची मोटार. दाराला लागून नाली आली, नालीला लागून डांबर. मामांनी एकदा नालीवर ओट्याची एक फळी टाकून बसून पाहिलं. नगरपालिकेच्या माणसाने फळी उचलून नेली. मग ते दाराच्या आत, उंबऱ्यामागे पाट टाकून बसू लागले. वाणी आणि दोन-चार घरची माणसं आत येत. बाकीची रस्त्यापलीकडून बघत आणि निघून जात. पेठेत एका दुसऱ्या भटजीने दुकानाच्या पायरीवर बसायला सुरुवात केली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. भर दुपारी रेतीवाली आली. शहराबाहेरून चालत आली होती, डोक्यावर पदर, पाय धुळीने पांढरे. नालीच्या पलीकडे, डांबरावर उभी राहिली.

"महाराज, धाकटीचं जमलं. तारीख पायजे."

मामांनी पंचांग उघडलं. मुलीची रास विचारली. तिने सांगितली, ती मोटारीच्या भोंग्यात गेली. मामांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा ओरडून बोलली. मागून ट्रक आला, क्लीनरने शिवी घातली, ती नालीच्या काठाला सरकली आणि पाय घसरता घसरता वाचली.

"आत बोलवा ना तिले," मामी म्हणाली. "मरून जाईन थे तिथं."

मामा पंचांगात बोट घालून बसून राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

रेतीवालीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, "राहू द्या महाराज. पेठीतल्याले विचारतो." आणि निघाली.

"बोलावलं असतं तर आली असती का ती?" मामांनी मला विचारलं.

"मी आतून हाक मारू काय?" मामी म्हणाली.

मामा उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.