कुंकू न ठेवणारं दुकान

गिऱ्हाइकानं काही मागितलं की दादा आधी पोत्याच्या तोंडावर पंजा ठेवत. "आज नका नेऊ, वहिनी. माल हलका आहे." मग स्वतःच सांगत, "सराफ्याजवळच्या लालाकडे बघा, त्याची डाळ बरी आहे." आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी धाडणारा वाणी तुम्ही पाहिलाय? उत्तरेतल्या संस्थानात, आमच्या जयेंद्रगंजात होता.

वाडवडील फौजेतले, हे किराणा घेऊन बसलेले. गल्लीतले विचारत, "काय दादा, तलवार मोडून तराजू केलात?"

"तलवारीनं हिंग तोलता येत नाही, पंत. किती देऊ?"

तिकडच्या कुणी बनिया समजून 'लालाजी' म्हटलं की मात्र तापत. "लाला मत कहो, भाई, मराठा हूँ!" आणि तापलेल्या हातानंच चार दाणे जास्त टाकत.

मी दरबारच्या दफ्तरात कारकून. वडीलही तिथेच होते. ते गेल्यावर आईचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग वडील गेल्याचंही ती विसरली. रोज दुपारी पिशवी घेऊन दुकानात जाई.

"भाऊ, पावभर आमसूल द्या. ह्यांना आमटीत लागतं."

"देतो की, काकू. साहेबांना नमस्कार सांगा."

वडिलांच्या तिरडीबरोबर स्मशानापर्यंत अनवाणी चालत गेलेला हा माणूस. चेहरा हलू न देता आमसूल तोलून बांधी. संध्याकाळी मी ती पुडी परत नेई. दुसऱ्या दिवशी तीच पुडी पुन्हा आमच्या घरी येई. शेवटी कागद फाटला, तेव्हा त्यांनी नवा घातला आणि म्हणाले, "आमसूल बिचारं चालून चालून दमलं."

आईला एकटी जाऊ देऊ नये, हे मला कळत होतं. पण दुकान जवळ होतं आणि दुकानात ते होते. मी निर्धास्त दफ्तरात बसत असे. हे लिहिताना काही वाटायला हवं. वाटत नाही.

चैत्रातली गोष्ट. घरोघर हळदीकुंकवाची गडबड, दुकानात बायकांची गर्दी. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी आईच्या मागून गेलो होतो. ती गर्दीतून पुढे झाली. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"भाऊ, छटाकभर कुंकू बांधा. माझं संपलंय."

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं. आता एखादी बाई बोलून जाईल आणि भर दुकानात आईला कळेल, की ती विधवा आहे.

त्यांनी कुंकवाच्या डब्यावर पंजा ठेवला.

"आज नका नेऊ, काकू. हलकं आलंय. कपाळाला झोंबेल."

"असं? मग नको," आई म्हणाली.

तराजूत एका बाईचं कुंकू तोललेलं होतं. तेही त्यांनी उचलून डब्यात ओतलं.

"अहो दादा, माझं का? उद्या हळदीकुंकू आहे आमच्याकडे!"

"हलकं ते सगळ्यांनाच हलकं, वहिनी. सराफ्यातून आणा."

बायका कुरकुरत गेल्या. कुंकवाच्या विक्रीचे तेच तर दिवस. डबा त्यांनी फळीवरून उतरवला तो कायमचा. दक्षिणी वस्तीतलं किराण्याचं दुकान आणि त्यात कुंकू नाही! लोक हसले. काही घरांनी किराणाच दुसरीकडे लावला.

मी एकदा म्हटलं, "दादा, आमच्यासाठी कशाला नुकसान सोसता?"

"डबा दिसला तर त्या पुन्हा मागतील, साहेब. मला रोज रोज नवी थाप सुचत नाही."

आईनं पुन्हा कुंकू मागितलं नाही. आमसूल मात्र मागत राहिली.

जेठाच्या लूमध्ये, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यात, दादा गेले. दोन दिवस ताप, एवढंच. मुरारहून त्यांचा पुतण्या आला आणि सामान घेऊन गेला.

त्या दुपारी मी घरीच होतो. आई रिकामी पिशवी घेऊन परत आली. "दुकान बंद कसं?"

माझ्याकडे थाप नव्हती. त्यांच्यासारखी मला कधी साधलीही नसती. मी म्हटलं, "दादा गेले, आई."

वडिलांचं मी कितीदा सांगितलं होतं. ते तिच्या कानावरून वाहून जाई. हे तिला एकदम कळलं. ती मोरीत गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. आमच्यात असं स्नान आप्त गेल्याची बातमी आली तरच करतात. मी उंबऱ्याशी उभा राहून बघत होतो. रडू आलं नाही.

ओल्या लुगड्यानं ती बाहेर आली. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली,

"ह्यांना एवढ्यात सांगू नकोस हं. जेवण होऊ दे. फार लागेल त्यांना."

मी म्हटलं, "बरं."