पडद्याशेजारची रिसोलात

तेरकझोर गावात पहिला बोलपट आला, तो बोलला खरा, पण कळला कुणालाच नाही.

युद्ध संपून चार वर्षं झाली होती. हमदम-आका नावाचा माणूस कोकंदहून गाढवाच्या गाडीवर यंत्र लादून आला. डावा हात लढाईत कामातून गेलेला, उजव्या हाताने त्याने क्लबाच्या भिंतीवर चादर ताणली. रविवारची दुपार, कापूस वेचून संपलेला, त्यामुळे अख्खं गाव लोटलं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि चादरीवर थेट समुद्र. समुद्राने लोक गार झाले. पण मग जहाजावरची माणसं रशियनमध्ये बोलायला लागली आणि बोलतच राहिली. अर्ध्या तासात म्हातारे जांभया द्यायला लागले. पुढच्या रांगेतला एकजण उठलाच.

"अहो, थांबा की!" हमदम-आका यंत्र थांबवून ओरडला. "रशियन येणारं कुणीच नाही का गावात?"

तेव्हा सगळ्यांच्या माना शेगडीकडे वळल्या. तिथे रिसोलात कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून विस्तवात घालत होती.

रिसोलात तेव्हा सव्वीस वर्षांची. गावच्या दवाखान्यात झाडलोट करायची, थंडीत क्लबाची शेगडी सांभाळायची. लढाईच्या काळात कोकंदच्या लष्करी इस्पितळात तिने तीन वर्षं जखमी सैनिकांच्या पट्ट्या धुतल्या होत्या. तिची रशियन तिथली. 'पाणी दे', 'दुखतंय', 'आईला पत्र लिही', आणि त्याखेरीज चारचौघांत न उच्चारण्यासारख्या पंधरा-वीस शिव्या. एवढ्या शिदोरीवर समुद्र ओलांडायचा म्हणजे कठीणच.

"मला तेवढं नाही येत हो," ती म्हणाली.

"आम्हाला तर तेवढंही येत नाही," तिची सासू तूती-खोला बसल्या जागेवरून म्हणाली. "जा पोरी. पऱ्हाट्या मी घालते."

रिसोलात चादरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. पडद्यावर मिशीवाला कप्तान तावातावाने बोलत होता, आणि तिला त्यातले 'आई' आणि 'उद्या' हे दोनच शब्द उमगले. सगळं गाव तोंडाकडे बघतंय.

"हा म्हणतोय," ती म्हणाली, "की माझी आई आजारी आहे, उद्या काहीही करून घरी पोचलंच पाहिजे. पण हे पाणी संपेल तर ना!"

"अरेरे!" बायांच्या बाजूने आलं. झालं. त्या क्षणापासून ते जहाज शत्रूवर नव्हे, कप्तानाच्या आईकडे निघालं. शेवटी ते किनाऱ्याला लागलं तेव्हा अख्खा क्लब रडत होता.

त्यानंतर महिन्यातून एकदा हमदम-आका यायचा आणि रिसोलात पडद्याशेजारी उभी राहायची. आवाज तिचा मुळातच खणखणीत. म्हातारी असेल तर खरखरीत बोलायची, सावकार असेल तर नाकातून. जिथे कळायचं तिथे सांगायची, नाही कळलं तिथे स्वतःचं घालायची, आणि दोन्हींतला सांधा कुणाला सापडायचा नाही. लोक घरी जाताना सिनेमाची नव्हे, तिची आठवण काढत जायचे. "रिसोलातने काल त्या जमीनदाराला काय झापला!" असं म्हणायचे.

पुढे शाळेत नोसिरजोन नावाचा तरुण मास्तर ताश्कंदहून शिकून आला. त्याने पहिलाच खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी क्लबप्रमुखाकडे गेला.

"हे साफ चूक चाललंय," तो म्हणाला. "तो माणूस तत्त्वज्ञ होता. यांनी त्याला गुरांचा डॉक्टर केला!"

"तरीच म्हटलं, घोड्याजवळ इतका वेळ का उभा होता," क्लबप्रमुख म्हणाला.

पुढच्या खेळाला मास्तर उभा राहिला. रिसोलात निमूटपणे शेगडीपाशी गेली. मनातून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मास्तराने शब्द न् शब्द चोख सांगितला. "तो म्हणत आहे, महोदया, आपल्या सौजन्याबद्दल मी ऋणी आहे. ती म्हणत आहे, आज हवा दमट आहे."

"पण त्याचं तिच्यावर मन आहे का नाही?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तसं तो अजून म्हणालेला नाही."

"मग म्हणाला की आम्हाला हाक मार. आम्ही चहा पिऊन येतो."

निम्मा क्लब उठला. मास्तर मनाने चांगला होता, तो स्वतःच शेगडीपाशी आला आणि कान लाल करून, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "ओपा, या तुम्ही. माझ्याच्याने हे व्हायचं नाही."

घरी सासू-सून दोघीच. रिसोलातचा नवरा सोबिर लग्नानंतर आठ महिन्यांनी लढाईवर गेला होता. त्रेचाळीस साली त्याची पत्रं थांबली. पुढे एक कागद आला. मेल्याचं काळं पत्र नव्हतं ते, 'ठावठिकाणा लागत नाही' एवढंच त्यात होतं. त्या एवढ्याशा ओळीवर दोघी जगत होत्या. सोबिरचा चपान, म्हणजे तो कापूस भरलेला लांब अंगरखा, दर वसंतात उन्हात पडायचा आणि पुन्हा पेटीत जायचा. जेवायला बसलं की तूती-खोला भाकरीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायची. ती हे कुणासाठी करते, ते रिसोलातने कधी विचारलं नाही आणि सासूनेही कधी सांगितलं नाही.

हमदम-आकाची बायको लढाईच्या वर्षांत तापाने गेली होती. एकदा यंत्राची पेटी बांधता बांधता, वर न बघता, तो म्हणाला, "रिसोलातखान, मी एकटा आहे. तुम्हीही…"

"मी एकटी नाही," ती म्हणाली. "माझा माणूस यायचाय."

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त दर खेळाला तूती-खोलाची जागा शेगडीजवळ राखून ठेवायचा, तेवढं त्याने चालू ठेवलं.

त्रेपन्नच्या हिवाळ्यात त्याने लढाईवरचा एक बोलपट आणला. रिसोलात प्रत्येक चित्र गावाबरोबरच पहिल्यांदा बघायची, पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक नसायचं. नायक हसरा होता, गालाला खळी पडणारा. नदी ओलांडताना त्याला गोळी लागली. सोबती टोप्या काढून उभे राहिले. अधिकारी हळू आवाजात बोलू लागला. ही रशियन तिची होती. इस्पितळात, पांघरूण तोंडावर ओढताना, हेच शब्द तिने शंभरदा ऐकले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला शब्द न् शब्द कळत होता.

तिने समोर पाहिलं. पुढच्या दोन रांगांत बायाच बाया होत्या. निम्म्यांच्या घरी काळी पत्रं आलेली. आणि शेगडीजवळ तूती-खोला, हनुवटी वर करून, तिच्या तोंडाकडे बघत असलेली.

"हा म्हणतोय," रिसोलात म्हणाली, "घाबरू नका. जखम खोल आहे, पण श्वास चालू आहे. याला मागे इस्पितळात पाठवतो."

पडद्यावर खड्डा खणला जात होता.

"हा दुसरा कुणीतरी आहे," ती घाईने म्हणाली. "आपला वाला इस्पितळात आहे. मी पाहिलेत असे. बरे होतात ते. वेळ लागतो, पण बरे होतात."

मास्तर नोसिरजोनने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. बाया रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होत्या. तूती-खोला घरी येईपर्यंत सुनेचा दंड धरून चालली, आणि बर्फाशिवाय दुसऱ्या कशाविषयी बोलली नाही.

आणखी चार वर्षं गेली. मग एके दिवशी हमदम-आका आला तो अपराध्यासारखा. "आता ताश्कंदहून चित्रं आपल्याच भाषेत बोलून येतात," तो म्हणाला. "तुम्हाला उभं राहायचा त्रास नको."

"बरंच झालं की," रिसोलात म्हणाली. "माझ्याही घशाला आराम." पण त्या दिवशी पहिल्यांदा बायांमध्ये बसून सिनेमा बघताना हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना.

तिसऱ्या महिन्यात तो सकाळीच दारात उभा राहिला. "आज ते नदीवालं चित्र आहे, रिसोलातखान. आपल्या भाषेत बोलणारं. तुम्ही म्हणत असाल तर यंत्र बिघडलं म्हणून सांगतो."

"नको," ती म्हणाली. "लोक लांबून येतात."

दुपारी तिने सासूला म्हटलं, "ओयी, आज थंडी फार आहे. तुम्ही घरीच राहा."

"थंडी काय माझ्या एकटीच्याच हाडांना वाजते?" म्हातारी रुमाल बांधत म्हणाली. "चल."

नदी आली. टोप्या निघाल्या. आणि भोंग्यातून ताश्कंदचा कुणी भरदार आवाजाचा माणूस स्वच्छ उझबेकमध्ये म्हणाला, "आपला साथी गेला. याला इथेच माती देऊ. याच्या आईला मी लिहीन."

बायांनी पडद्यावरची नजर काढून तूती-खोलाकडे लावली. म्हातारी सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. तिने हातातल्या बिया रुमालात गुंडाळल्या आणि चित्र शेवटपर्यंत पाहिलं.

घरी आल्यावर दोघी निखाऱ्यावरच्या बुटक्या मेजाखाली पाय घालून, वरून गोधडी ओढून बसल्या. चहा ओतला गेला, कुणी उचलला नाही.

"पोरी," तूती-खोला म्हणाली, "मी आंधळी आहे, असं वाटतं का तुला?"

"नाही ओयी."

"खड्डा खणला, माणूस ठेवला, माती लोटली. कुठल्या इस्पितळात असं बरं करतात गं?"

"म्हणजे तेव्हाच तुम्हाला… मग बोलला का नाहीत?"

"तुझा आवाज ऐकला ना. वाटलं, हिला अजून आशा आहे. पत्रं थांबल्यावर चौथा महिना संपायच्या आत मला तर स्वप्नात कळलं होतं. पण तरणी पोर आशेवर उभी आहे, तिच्या पायाखालची फळी मी कशाला ओढू?"

"मी तुमच्यासाठी बोलले, ओयी!" रिसोलातचा आवाज फुटला. "मला इस्पितळातच कळलं होतं. त्याच्या तुकडीतला एकजण तिथे आला होता. त्याने सांगितलं, सगळे नदी ओलांडायला गेले, तिथून माझ्याशिवाय कुणी परत आलं नाही. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

"आणि भाकरीचा तुकडा? मी तुझ्यासाठी ठेवत होते. तुला बरं वाटावं म्हणून."

"चपान मी तुमच्यासाठी उन्हात घालत होते."

आधी म्हातारीला हसू फुटलं, मग रिसोलातला, आणि हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चौदा वर्षांचं रडणं होतं, ते लवकर आटपलं नाही.

"आपण एकमेकींना सांभाळत बसलो," तूती-खोला डोळे पुसत म्हणाली, "आणि त्याच्या नावाने दुआ मागायला एकदा हात वर केले नाहीत. चमचाभर हलवा नाही की फातिहा नाही. पोर ताटकळलं असेल गं तिकडे. उद्या पीठ भाज."

दुसऱ्या दिवशी भाजल्या पिठाचा वास गल्लीभर गेला. म्हातारे आले, भिंतीशी ओळीने बसले, ओंजळी वर करून त्यांनी सोबिरचं नाव घेतलं. मास्तर नोसिरजोन दाराशी उभा होता. हमदम-आका अंगणातच थांबला, आत आला नाही. तूती-खोलाने तो चपान आणला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. "थंडी आहे," एवढंच म्हणाली. तो बिचारा त्या चपानाची बाही धरून तसाच उभा राहिला.

वसंतात तिनेच त्याला बोलावून घेतलं. "ऐक. मुलगा गेला माझा. सून मी कुणाला देणार नाही. तुला हवी असेल तर तूच इकडे राहायला ये."

जर्दाळू फुलले तेव्हा तो आपली पेटी, गाढव आणि दोन तगाऱ्या घेऊन आला. गावाला आयतंच खाद्य मिळालं. "तूती-खोलाने सून उजवली नाही, जावई घरात घेतला!" चहाच्या टपरीवर म्हणायचे. "हे कुठल्या शरियतमध्ये बसतं?"

"माझ्या," तूती-खोला म्हणायची. "तुम्हाला नसेल जमत तर तुमच्या सुनांना विचारा."

रिसोलातला पस्तिशीत मुलगी झाली. पडद्याशेजारी उभं राहायचं काम संपलं होतं, आणि सुरुवातीला तिला ते फार जाणवलं. खेळ सुरू झाला की तिचे ओठ आपोआप हलायचे.

मग एका उन्हाळ्यात हिंदुस्थानातलं एक चित्र आलं. आता खेळ उघड्यावर, तुतीच्या झाडाखाली व्हायचे. संभाषणं ताश्कंदवाल्यांनी नेटकी उझबेक केली होती. पण अर्ध्या चित्रात नायिका नदीकाठी गाऊ लागली, आणि गाणं तसंच ठेवलेलं होतं, हिंदीत. बाया आधी मान डोलावत होत्या. मग एकेक डोकं मागे वळू लागलं.

"रिसोलात-ओपा," कुणीतरी म्हणालं, "ही काय म्हणतेय हो?"

रिसोलातच्या मांडीवर पोर झोपली होती. "मला काय ठाऊक! ही भाषा मी जन्मात ऐकली नाही."

तूती-खोलाने तिला कोपराने ढोसलं.

"कळत तुला कधी होतं गं? ऊठ. लोक थांबलेत."

यंत्राशी बसलेला हमदम-आका गालात हसत होता. रिसोलातने पोर म्हातारीच्या मांडीवर दिली, रुमाल सारखा केला आणि पुढे गेली.

"ही म्हणतेय," तिचा खणखणीत आवाज झाडाखाली घुमला, "नदीबाई, तू रोज खाली जातेस, माझा निरोप घेऊन जा…"

त्या सालच्या लग्नांमध्ये तेरकझोरच्या मुली ते गाणं म्हणत होत्या. चाल हिंदुस्थानातली होती आणि शब्द रिसोलातचे.