पुस्तक मिटून सांग

आमच्या मेसवाल्या मावशी ताटात पहिली पोळी वाढण्याआधी, आज काय वाचलं ते विचारीत. पुस्तक खोलीवर ठेवूनच यायचं, ही अट. लातुरात मेस पुष्कळ, पण असा छळ मी एकाच ठिकाणी सोसला.

मी बिलोलीहून 'नीट'च्या तयारीला आलेली. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. बाबांनी बजावलं, "अजून एकच साल. न्हाई जमलं तर गावातल्या कॉलेजात नाव घालू." डॉक्टर व्हायचं तर एवढाच काय तो वेळ उरला होता. त्या धाकानं मी नुसती वाचत सुटले. पुस्तकाचं पान न् पान हायलायटरनं पिवळंधमक केलं. याच सुमारास मेस बदलली आणि मावशींच्या तावडीत सापडले. किडनीचा धडा सात वेळा वाचलाय, हे मी त्यांना ऐटीत सांगितलं.

"सात येळा ना? मग सांग की," पोळी उलटत त्या म्हणाल्या.

दोन वाक्यांत माझी गाडी अडली. मी छताकडे पाहू लागले.

"वर काय लिव्हलंय? वाचताना समदंच येतंय वाटतं बाई. मिटल्यावर कळतं, काय उरलं ते."

मला भयंकर राग आला. सातवी शिकलेल्या या बाईला किडनीतलं काय कळतंय! खरं तर मी घाबरले होते. पहिल्या वर्षी परीक्षेत नेमकं हेच झालं होतं.

मग एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं आणि राहिलं तेवढंच उघडून बघायचं, असं सुरू केलं. आजचं धड सांगितलं, की मावशी मुद्दाम मागच्या सोमवारचं विचारीत. "ताजं तर कुणालाबी येतंय. शिळं सांग." पोळी गार व्हायची, पण हळूहळू शिळंही आठवू लागलं.

निकाल दुपारी लागला. नांदेडच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जागा मिळेल एवढे मार्क होते. फोनवर बाबांचा नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मी धावत मेसवर गेले. मावशींनी ऐकलं, पदराला हात पुसले आणि ताट वाढायला घेतलं. मी सवयीनं प्रश्नाची वाट बघत उभीच.

"बस की. पोटभर जेव. आज कायबी विचारत न्हाई."

पहिला घास तोंडात गेला आणि मला हमसून रडू आलं. काय चव होती त्या आमटीला! वर्षभर रोज जेवत होते, कधी कळलीच नव्हती.