व्याज बांधून घेणारे खोपकर सर

कंपनीला तोटा करून देणारा माणूस अशी ज्यांची ओळख होती, ते आमचे खोपकर सर आज सकाळी गेले.

बडोद्याबाहेरच्या मित्रांना हे नाव ठाऊक नसेल. म्हणून लिहिते आहे.

छाणीला आमची व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. सर फायनान्स मॅनेजर, मी अकाउंट्समध्ये नवी.
बाबा नुकतेच गेले होते. मांजलपूरचं आमचं घर माझ्या पगारावर चालायचं.

नव्या शेडसाठी शेठनी मोठं लोन काढलं. व्याज फ्लोटिंग. बाजारात दर चढला की आपलंही व्याज चढणार.

सरांनी त्यावर इंटरेस्ट रेट स्वॅप केला. तेव्हा आमच्या ऑफिसात हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. मी कँटीनमध्ये विचारलं, तर सेवउसळ बाजूला सारून समजावायला बसले.

"हे बघ, लोन आहे तसंच राहतं. आपण दुसऱ्या एका बँकेला ठरलेल्या दराने व्याज द्यायचं. ती आपल्याला बाजारात असेल त्या दराने देणार. ते आपण लोनच्या व्याजात भरून टाकायचं. आपल्या खिशातून जाणार ते फक्त ठरलेलं."

"आणि दर उतरला तर?"

"तर तो फायदा आपल्याला नाही. ठरलेलंच भरायचं."

"मग हे करायचं कशाला, सर?"

"पगार वेळेवर व्हावा म्हणून."

आणि दर उतरलाच.
उतरतच राहिला.

शेजारचे कारखानदार स्वस्त व्याजाच्या गप्पा मारायचे आणि आम्ही दर तिमाहीला फरक भरायचो. मीटिंगमध्ये शेठचे चिरंजीव चिरागभाई सगळ्यांसमोर विचारायचे, "खोपकरभाई, आ वखते केटला गया?"

लोक हसायचे. सर शांतपणे आकडा सांगायचे.
मला मात्र संताप यायचा. अजूनही येतो.

एका मीटिंगमध्ये चिरागभाई म्हणाले, "तोडी नाखो ने, पप्पा!" करार मोडायला बँक एकरकमी पैसे मागत होती. तेही द्यायला ते तयार होते.

शेठनी सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "शेठ, दर असेच राहिले तर आपण थोडं जास्त भरू, पण कारखाना चालेल. उद्या दर चढले आणि हा करार नसला, तर कुणाकुणाचे पगार थांबवायचे ती नावं आजच सांगा. मी लिहून घेतो."

आणि खरंच पेनचं टोपण काढून बसले.

त्या यादीत पहिलं नाव माझंच आलं असतं, सगळ्यात नवी मीच होते.

शेठनी टोपण उचलून सरांच्या हातात दिलं. मग म्हणाले, "रहेवा दो."

त्या वर्षी सरांना इन्क्रिमेंट मिळालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. कारेलीबागेत सरांच्या घरी काकूंनी ट्यूशनची आणखी एक बॅच घेतली. सर जुन्याच स्कूटरवर येत राहिले.

मग एकदाचे दर फिरले. चढायला लागले.

शेजारच्या कारखान्याला व्याज झेपेना, त्यांची एक शिफ्ट बंद पडली. आम्हाला मात्र आता फरक बँकेकडून यायला लागला, आणि पगार नेहमीच्याच तारखेला झाला.

चिरागभाई पेढे घेऊन सरांच्या केबिनमध्ये आले. "खोपकरभाई, तमे तो ज्योतिषी नीकळ्या!" आता करार मोडला तर बँकच आपल्याला पैसे देईल, तेव्हा मोडून नफा खिशात घालू, असं त्यांचं म्हणणं.

सरांना इतकं चिडलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

"मी ज्योतिषी नाही. दर उतरणार हे मला माहीत नव्हतं, चढणार हेही नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच बांधून घेतलं. लोन फिटेपर्यंत याला हात लावायचा नाही."

पेढ्यांचा बॉक्स उघडलासुद्धा नाही.

आणि लोन फिटेपर्यंत कुणी हात लावला नाही.

सर रिटायर झाले, पुढे त्यांच्या खुर्चीवर मी आले. दर दिवाळीला कारेलीबागेत गेले की मी मुद्दाम विचारायचे, "सर, रेट कुठे जाणार?"
"मला काय माहीत?"
मग काकू हसायच्या आणि चहा टाकायच्या.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी सरांना भेटले. येणारा प्रत्येक जण "बधुं सारुं थई जशे", सगळं ठीक होईल, म्हणून जात होता. सर मान हलवत होते.

सगळे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय होईल गं माझं?"

फार वाटलं, खोटं बोलावं.

"मला माहीत नाही, सर. पण काहीही झालं तरी काकूंजवळ मी आहे."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.
"बस. एवढं ठरलं ना? मग झालं."

दुपारपासून काकूंजवळच आहे, सर. इथूनच लिहिते आहे.

तुम्ही निश्चिंत जा.