पहिल्या टोचणीत नस

रक्त तपासायच्या त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. खिडकीकडच्या खुर्चीशी बावीस वर्षं एकच बाई रक्त काढत होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. नस कितीही लपलेली असो, ताईंना सुई दुसऱ्यांदा टोचावी लागत नसे.

मग दुसऱ्या खुर्चीशी नवी मुलगी आली. तिचा नेम चुकायचा. चुकला की ती म्हणायची, "दुखलं ना? माझंच चुकलं हो." तरी महिन्याभरात लोक ताईंची रिकामी खुर्ची सोडून तिच्यासाठी थांबू लागले. कोणाच्या गुडघ्याचं कसं चाललंय, कोणाची सून बाळंत झाली की नाही, सगळं तिला ठाऊक. ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. 'गोड बोलून नस सापडते का?' असं मनात म्हणत त्या कापसाचे बोळे वळत बसायच्या.

एका सकाळी एक आजोबा आले. त्यांच्या हाताची नसच सापडत नसे, म्हणून ते नेहमी ताईंकडेच येत. ताई म्हणाल्या, "आज तिकडे बसा." बघू दे सगळ्यांना हिची कला!

मुलीने दोनदा टोचलं. आजोबा कळवळले. तिने रबरी पट्टा सोडला आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "ताई, मला नाही जमत. तुम्हीच या."

ताईंनी क्षणात रक्त काढलं. आजोबा मुलीकडे वळून म्हणाले, "बरं झालं पोरी, वेळेवर बोलावलंस." ताईंचा जीव जळला. काम आपलं, आभार हिचे!

चहाच्या वेळी त्यांना राहवलं नाही. "चारचौघांत हार मानताना लाज नाही वाटली?"

"वाटली की. पण हात आजोबांचा दुखत होता."

ताईंनी कप खाली ठेवला. तो हात दुखणार, हे त्यांना आधीच माहीत होतं.

"मी मुद्दाम पाठवलं त्यांना तुझ्याकडे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कळलं होतं मला," मुलगी म्हणाली. "पण असा अवघड हात तुमच्याशिवाय कोणाला जमतो इथे?"

दुसऱ्या दिवसापासून ताई तिला डोळे मिटून, बोटाने नस चाचपायला शिकवू लागल्या. मुलगी भराभर शिकली आणि तिच्यापुढची रांग आणखीच वाढली. ताईंना अजूनही ती रांग बघवत नाही.

"शिकवून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना हसू आवरेना.