आमची मरीआई

मेणबत्ती विझवल्यावर जो वास येतो, त्यानं मला जतकडचं माहेर आठवतं. आम्ही आजोबांपासून कॅथलिक, पण कागदावर हिंदूच राहिलो, कारण ख्रिस्ती लिहिलं की अनुसूचित जातीच्या राखीव जागेवरचा हक्क जातो. आई अशाच जागेवर सरपंच झाली आणि कुणीतरी तक्रार केली. चौकशीचे साहेब येणार म्हणून तिनं क्रूस ज्वारीच्या कणगीत पुरला, पण भिंतीवरची मरियामातेची तसबीर उतरवायची राहिली. तिच्यापुढची मेणबत्ती आईनं घाईनं फुंकली, तोवर साहेब दारात. "ही कोण?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "आमची मरीआई हाय सायेब, पटकीच्या साथीपासनं घरात हाय." साहेबांनी बूट काढून हात जोडले आणि 'हिंदू' लिहून गेले. आईची खुर्ची टिकली, वस्तीला नळ आला. ती मात्र त्यानंतर चर्चमध्ये कधी पुढं बसली नाही. दारात, चपलांपाशी बसायची. "माझ्याच तोंडानं तिला नाकारली," म्हणायची, "आता कुठल्या तोंडानं हाक मारू?" परवा आता माझ्या घरी असलेल्या त्याच तसबिरीखाली बसून लेकीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यापाशी माझा पेन थांबला. लेकीनं विचारलं, "आई, काय लिहायचं?" मी उठून आधी तसबिरीपुढची मेणबत्ती विझवली.