खाली पोटी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. शाळेत शिकवत असताना अंगात येणाऱ्या पोरांनाही मी वर्गाबाहेर उभं केलंय. तरी हे लिहितोय.

बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ, वरच्या मजल्यावर मी एकटा राहतो. मुलगा इंदूरला. माझी बायको कुमुद जाऊन दीड वर्ष झालं. शुगर मला, पण सांभाळायची ती. इन्सुलिन टोचलं की ओरडायची, "अहो, खाली पोटी बसू नका!" ती इथलीच, नदीपलीकडच्या जैनाबादची, बोलण्यात निम्मं हिंदी. मी भुसावळचा, त्यात मराठीचा मास्तर... "रिकाम्या पोटी म्हण गं! खाली म्हणजे जिन्याखाली!" रोजचं भांडण. आता भांडायलाही कोणी नाही.

मागच्या थंडीत एका सकाळी इन्सुलिन घेतलं आणि मुलाचा फोन आला. "बाबा, इकडे या, नाहीतर माणूस तरी ठेवा." मी चिडून फोन ठेवला नि तसाच बसून राहिलो. खायचं साफ विसरलो. दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाज — "अहो, खाली! खाली!"

मला वाटलं, खाली जा म्हणतेय. भिंत धरून जिना उतरलो. खालच्या भाडेकरू सुनंदाबाई दारातच उभ्या — हातात साखरपाण्याचा ग्लास! त्यांनी मला पायरीवर बसवून पाजलं.

जरा हुशारी आल्यावर विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"काकाजी, वरतून बाईनं आवाज दिला ना... 'ते खाली पोटी हायेत, साखर दे.' मला वाटलं, पाहुनी आली तुमच्याकडं."

सुनंदाबाई इथं आल्या दिवाळीत. कुमुद त्याआधीच गेली होती. त्यांनी तिला कधी पाहिलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली की भास होतात. मला झाला असेल हो... पण सुनंदाबाईंना कुठे शुगर आहे?

मुलाला सांगितलं नाही, लगेच मला न्यायला गाडी घेऊन येईल. हल्ली इन्सुलिन टोचलं की पोह्यांची बशी समोर घेऊन मिनिटभर थांबतो. मुद्दाम. चुकतंय, कळतं मला. पण हाक काही येत नाही. फार एकटं वाटतं तेव्हा.

मग मीच म्हणतो, "बरं बाई, खाली पोटी. तुझंच बरोबर." आणि खायला लागतो.